ट्रॉलीभर राख आणि आमची काळी माती

गेल्या वर्षी मे महिन्यात, द्राक्षाची खरड छाटणी होऊन बागेत सबकेनची, म्हणजे नव्या उपकाड्या तयार करण्याची, कामे चालू असताना, माझ्या पुतण्याने बांधावर राखेची एक ट्रॉली उतरवून घेतली. राख फुकट होती, फक्त वाहतुकीचे पैसे द्यायचे होते. निफाड तालुक्यातल्या आमच्या चार एकरांची सगळी व्यवस्था आता तोच पाहतो. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे शेतात माझे काम मुख्यतः शंका काढण्याचे असते, आणि ते तो सहन करतो. "काका, थर्मलची राख आहे. जमीन भुसभुशीत होते, पोटॅश मिळते आणि कांदाही टिकतो, असे सांगतात," तो म्हणाला. कोणत्या थर्मलची, म्हणजे कोणत्या औष्णिक वीज केंद्राची, असे मी ट्रॉलीवाल्याला विचारले. त्याने दोन वेगवेगळी नावे सांगितली, आणि नंतर ती मधल्या एका माणसाच्या ढिगातून भरली असल्याचे कबूल केले.

आम्हा नाशिककरांना राख नवी नाही. नाशिकरोडहून ओढ्याकडे जाताना एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी लहानपणापासून पाहिलेली आहेत, आणि फ्लाय ॲशच्या, म्हणजे याच राखेच्या, विटांची घरे आता गल्लोगल्ली आहेत. ही राख फुकट का मिळते, याचे कारणही सरळ आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार, म्हणजे साधारण ३० ते ४५ टक्के असते, त्यामुळे प्रत्येक वीज केंद्रापाशी तिचे डोंगर साठतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९९९ मध्ये राखेच्या वापराविषयी पहिली अधिसूचना काढली आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सर्व राखेचा वापर बंधनकारक करून न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई लावली. ज्याच्याकडे राख आहे त्याला ती कोणीतरी न्यावी अशीच इच्छा असणार, यात गैर काही नाही. त्याच अधिसूचनेतील मान्य उपयोगांच्या यादीत शेतीही आहे, परंतु तिथे 'माती परीक्षणावर आधारित, नियंत्रित पद्धतीने' अशी अट आहे. ट्रॉलीबरोबर ती अट येत नाही.

राख ही एक वस्तू नाही, हे मला प्रथम पुतण्याला दाखवायचे होते. बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवणे सोपे, म्हणून मी ओट्यावर तीन बशा मांडल्या. एकीत आमच्या कांद्याच्या वावरातली वाळलेली माती, दुसरीत आईच्या काळापासून चालू असलेल्या पाणी तापवायच्या चुलीतली बाभळीच्या लाकडाची राख आणि तिसरीत ट्रॉलीतली राख घेतली. तिन्हींवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाच-पाच थेंब टाकले. चुलीची राख दुधासारखी उतू आली. मातीही बारीक आवाज करीत फसफसली. ट्रॉलीच्या राखेवर मात्र दोन-चार बुडबुडे आले आणि थेंब तसाच जिरून गेला. मग काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात ट्रॉलीची राख चमचाभर ढवळली. बरीचशी खाली बसली, पण थोडी पांढुरकी साय पाण्यावर तरंगत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ती तरंगतच होती. भट्टीच्या उष्णतेत वितळलेल्या मातीचे ते पोकळ काचमणी असतात. भिंगाखाली पाहिले तर राईहून किती तरी लहान, गोल आणि चकचकीत दिसतात. पुतण्याने ते मोबाइलमध्ये टिपून घेतले. राख म्हणजे जळून उरलेले खत, ही त्याची समजूत तिथे जरा हलली, असे मला वाटते.

या दोन साध्या प्रयोगांत निम्मे उत्तर आहे. झाड जमिनीतून जे घेते ते लाकडाच्या राखेत शिल्लक राहते: कॅल्शियमची आणि पोटॅशियमची कार्बोनेटे, थोडे स्फुरद (फॉस्फरस), थोडी सूक्ष्म द्रव्ये. 'पोटॅश' हा शब्दच भांड्यात राख भिजवून काढलेल्या क्षारावरून आला आहे. कोळशाची राख ही त्या मानाने राखच नव्हे. कोळशाच्या थरात मिसळलेली जी चिकणमाती आणि वाळू असते, ती हजार अंशांहून अधिक तापमानात वितळून थिजली की ही राख होते, आणि म्हणून तिचा बहुतेक भाग सिलिका आणि ॲल्युमिना यांची काच असतो. नत्र तर जळून गेलेलेच असते. पोटॅश रासायनिक पृथक्करणात दिसते, परंतु ते काचेत अडकलेले असते, आणि मुळांना काच चावता येत नाही. तिचा सामू (पीएच) मी कागदी पट्टीने पाहिला तेव्हा तो ९ च्या आसपास आला. सामू जास्त असणे आणि चुना भरपूर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो; ती तिसरी बशी त्याचे चांगले उदाहरण होती.

आता दुसरी बाजू मातीची. आमच्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू ८.२ आहे, मुक्त चुना भरपूर आहे आणि उपलब्ध पालाश (पोटॅश) हेक्टरी ४१० किलो, म्हणजे 'अत्यंत जास्त' या रकान्यात आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यातल्या काळ्या जमिनींचे चित्र थोड्याफार फरकाने असेच असते, कारण ही माती बेसाल्टपासून बनलेली आहे. तिच्यातली चिकणमाती पालाश धरून ठेवते, आणि पाऊस बेताचा असल्यामुळे चुना धुऊन जात नाही. कोळशाच्या राखेने पीक वाढल्याचे जे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत, त्यांतले चांगले निष्कर्ष बहुधा पूर्वेकडच्या आम्लधर्मी, जांभ्या किंवा रेताड जमिनींतले आहेत. तिथे भरड मातीत राखेच्या बारीक कणांनी पाणी धरले जाते, आम्लता किंचित उतरते, सोबत शेणखत दिलेले असते आणि पीक उठून दिसते. ते प्रयोग खोटे नाहीत, पण ते आमच्या मातीचे नाहीत. आमच्या बागेला उलटाच त्रास आहे. चुन्यामुळे लोह मिळत नाही, पाने शिरा सोडून पिवळी पडतात आणि आम्ही फेरस सल्फेट व चिलेटेड लोहावर पैसे घालवतो. पाटपाण्याच्या पट्ट्यात ज्यांच्या जमिनी चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट, झाल्या आहेत त्यांना तर जिप्सम आणि चरांची गरज आहे. तिथे राख टाकणे म्हणजे ताप आलेल्याला गोधडी पांघरण्यासारखे आहे.

'पण जमीन भुसभुशीत होते ना?' हा प्रश्न पुतण्याने दोनदा विचारला, आणि तो रास्त आहे. भारी मातीत बारीक वाळूइतके किंवा त्याहून लहान कण मिसळले तर तिची घडण मोकळी होते, हे खरे आहे. मात्र यासाठी किती राख लागेल याचा हिशेब करावा लागतो. एक एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण ८ ते ९ लाख किलो भरते. एका ट्रॉलीत तीन टन राख धरली तर हजार किलो मातीला साडेतीन किलो राख पडली. पोत्यात मूठभर मीठ, असे म्हणा. मातीची घडण डोळ्यांना जाणवेल इतकी बदलायची तर शेकडा आठ-दहा भाग तरी राख मिसळावी लागेल, म्हणजे एकरी २५ ते ३० ट्रॉल्या लागतील. तेवढेच काम दरवर्षी पाच टन चांगले कुजलेले शेणखत आणि एखादे जमिनीत गाडलेले ताग-धैंचाचे पीक करते, आणि वर जिवाणूंना अन्न देते, हे माझे मत मी तिथेच नोंदवून ठेवतो.

तीस ट्रॉल्यांचा आकडा पुढे आला की बोरॉनचा विचार करावाच लागतो. कोळशातल्या बोरॉनचा बराच भाग राखेच्या कणांच्या पृष्ठभागावर बसलेला असतो आणि पाण्यात सहज सुटतो. समजा, एखाद्या राखेत किलोमागे ५० मिलिग्रॅम बोरॉन आहे. एका ट्रॉलीतून १५० ग्रॅम येईल, आणि त्याने काही बिघडणार नाही. तीस ट्रॉल्यांतून मात्र एकरी साडेचार किलो येईल. त्यातला निम्मा जरी विरघळणारा धरला तरी, कमतरता असलेल्या जमिनीला अख्ख्या हेक्टरला जे एक-दोन किलो बोरॉन देतात, त्याहून तो जास्त होतो. द्राक्षाच्या फुलोऱ्यात बोरिक ॲसिड आपण तोळामासा तोलून फवारतो ते उगीच नव्हे. कमतरता आणि विषबाधा यांच्यात या मूलद्रव्याने फार थोडी जागा ठेवली आहे. त्यातही दुर्दैव असे की पाण्यातील बोरॉन ज्यांना लवकर बाधतो अशा पिकांच्या यादीत द्राक्ष आहे. टोमॅटो त्या मानाने पुष्कळ सहन करतो. म्हणजे गिरणाऱ्याच्या टोमॅटोवाल्याचा अनुभव निफाडच्या द्राक्षवाल्याला लागू पडेलच असे नाही. वर्षानुवर्षे वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यात भिजलेल्या जुन्या राखेतला बोरॉन बराचसा निघून गेलेला असतो, तेव्हा ती अधिक सौम्य. फक्त तो निघून कुठे गेला, हे त्या तळ्याच्या खालच्या अंगाला ज्याची विहीर आहे त्याने पाहायचे.

थोडक्यात, राख निरुपद्रवी राहील इतकी कमी टाकली तर तिचा उपयोग दिसत नाही, आणि उपयोग दिसेल इतकी टाकली तर ती निरुपद्रवी राहत नाही. निदान आमच्या मातीत तरी माझा हिशेब असाच येतो.

जड धातूंविषयी लोक मोघम बोलतात, आणि एक तर फार घाबरवतात किंवा 'काही होत नाही' म्हणतात. कोळसा जळून त्याचा तिसरा हिस्सा राख उरते, तेव्हा न उडालेली मूलद्रव्ये त्या राखेत दुपटी-तिपटीने दाट होतात, ही साधी गोष्ट आहे. शिसे, कॅडमियम, निकेल हे धातू आमच्या चुनखडीच्या मातीत बरेच जखडले जातात; आम्लधर्मी जमिनीपेक्षा इथे ते पिकात कमी चढतात. एवढे ऐकून कोणी निर्धास्त होईल, परंतु आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम आणि षट्‌संयुजी क्रोमियम यांचा स्वभाव नेमका उलटा आहे. ही मूलद्रव्ये ऋणभारित आयनांच्या रूपात असतात, आणि सामू वाढला की ती मातीच्या कणांवरून सुटून पाण्यात जास्त मोकळी होतात. मॉलिब्डेनमचा त्रास पिकाला दिसतही नाही, तो चारा खाणाऱ्या जनावराला होतो: त्याच्या शरीरात तांब्याची कमतरता येते, हगवण लागते, केसांचा रंग उतरतो. ज्याच्या बांधावर घास आणि गोठ्यात दोन गायी आहेत, त्याने भाजीपाल्याइतकाच चाऱ्याचाही विचार केला पाहिजे. पालेभाज्या आणि कंदमुळे यांना मी दुसऱ्या कोणत्याही कारणाशिवायसुद्धा या राखेपासून दूर ठेवीन. एका ट्रॉलीने जमीन मरत नाही, हे मी पुतण्याला स्पष्ट सांगितले. पण टाकलेला धातू परत काढता येत नाही, आणि दरवर्षी एकेक ट्रॉली टाकणाऱ्याचा हिशेब त्याच्या नातवाच्या पत्रिकेत निघतो.

इथे मला माझीच एक फजिती सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून 'पोटॅशयुक्त भूसुधारक' म्हणून ४० किलोच्या आठ गोण्या, गोणीला ६०० रुपये देऊन, आणल्या होत्या. करड्या रंगाचे सुबक दाणे होते, गोणीवर हिरवेगार पान होते, पण घटकांची टक्केवारी कुठेच छापलेली नव्हती; आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने ते वाचले नाही. कांदा निघाल्यावर शंका आली म्हणून उरलेले दाणे प्रयोगशाळेत तपासले, तर पोटॅश १.८ टक्के निघाले. आठ गोण्यांत मिळून जेमतेम पावणेसहा किलो! म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या एका गोणीत ते ३० किलो असते. दुकानदाराला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "सर, त्यात सगळेच आहे, फक्त हळूहळू लागू होते." हळूहळू किती, हे त्याने सांगितले नाही. मुळात माझ्या पत्रिकेत पालाश 'अत्यंत जास्त' असताना मी पोटॅश विकत घेतलेच का, हा पुतण्याचा प्रश्न मी ऐकून घेतला.

सगळी औद्योगिक राख अशी नसते, हेही सांगितले पाहिजे. साखर कारखान्यात उसाची मळी आंबवून अल्कोहोल काढल्यावर जे काळपट सांडपाणी उरते, ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात. ऊस हे पालाश ओढणारे पीक असल्यामुळे त्या राखेत पालाश भरपूर उतरते. तिच्यापासून तयार केलेले दाणेदार खत खत नियंत्रण आदेशाच्या चौकटीत आलेले आहे. त्यात किमान १४.५ टक्के पोटॅश असावे लागते आणि २०२१ पासून त्याला अन्नद्रव्य आधारित अनुदानही आहे. हलक्या, मुरमाड रानात पालाश कमी असलेल्याने ते जरूर घ्यावे. मात्र बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, साध्या बॉयलरची राख निराळी. तिच्यात मुख्यतः सिलिका असते. एकाच कारखान्याच्या आवारातल्या दोन ढिगांत एवढा फरक असतो, आणि ट्रॉलीवाला दोन्हींना 'कारखान्याची राख' म्हणतो.

राखेने खरोखर भले झालेले पाहायचे असेल तर आमच्याच जिल्ह्यात, फक्त पश्चिमेला, घाटमाथ्याकडे जावे लागते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याने मातीतला चुना आणि इतर क्षार धुऊन नेलेले असतात, आणि माती तांबूस, आम्लाकडे झुकलेली असते. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे भाताच्या आणि नागलीच्या रोपासाठी राब भाजण्याची जी रीत आहे, ती या मातीला उमजून आलेली आहे. शेण, पालापाचोळा, काटक्या यांचा थर वाफ्यावर पसरून उन्हाळ्याच्या शेवटी तो भाजतात. तणाचे बी मरते आणि रोपाला राख मिळते. तिच्यासाठी झाडांच्या फांद्या किती तोडल्या जातात, हा निराळा आणि गंभीर विषय आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीने याला चांगला पर्याय दिला. रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची, आणि मुख्य शेतात भाताचा पेंढा गाडायचा, असे तिचे पहिले सूत्र आहे.

घोटीजवळ माझा मावसभाऊ भात करतो. तो तिथल्या गिरणीतून ही राख पोत्यांनी आणतो. मी त्याच्या वाफ्यावर बसून ती हातात घेऊन पाहिली. ती काळी, हलकी आणि कुरकुरीत होती आणि तुसाचा आकार तिच्यात तसाच शाबूत होता. बोटांत चुरली की रेशमासारखी होई. तूस अर्धवट, कमी आचेवर जळले तर त्यातली सिलिका स्फटिकरूप होत नाही आणि पाण्यात थोडी-थोडी विरघळत राहते. पांढरी होईपर्यंत भट्टीत जळलेल्या राखेत हा गुण उरत नाही, म्हणून मावसभाऊ गिरणीवाल्याकडून काळीच मागून घेतो. भात हे सिलिका भरपूर शोषणारे पीक आहे. ती पानांच्या आणि खोडाच्या सालीत साचून रोप ताठ होते, करपा कमी शिरतो, खोडकिडीच्या अळीला पोखरणे जड जाते. शिवाय ती राख भाताच्याच शेतातून आलेली असते. कुठल्या तरी खोल खाणीतले आर्सेनिक तिच्याबरोबर यायचा प्रश्न नसतो. "आम्ही काय नवीन घालतो? त्याचे त्याला परत," मावसभाऊ म्हणाला. हीच राख त्याने निफाडला आणून माझ्या कांद्याला घातली असती, तर अपाय झाला नसता आणि उपायही झाला नसता.

पुतण्याच्या ट्रॉलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. ती वावरात पसरली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्या कांदाचाळीच्या पायाचे काम निघाले, तेव्हा मुरमाबरोबर ती भरावात दाबून वरून काँक्रीट केले. जागा विहिरीपासून लांब आणि उंचावर आहे, एवढे पाहून घेतले. काम करताना मात्र वारा सुटला आणि सगळ्यांची डोकी एका वयाची झाली. गड्यांना तोंडाला फडके बांधायला सांगण्यात मला उशीर झाला, याची चुटपुट आहे.

किलोभर राख मी बरणीत ठेवली होती. बोरॉन आणि आर्सेनिक तपासून घ्यावे म्हणून पुतण्या ती प्रयोगशाळेत घेऊन गेला. तिथल्या अर्जात नाव, गाव, तालुका, गट क्रमांक भरून झाल्यावर 'नमुन्याचा स्रोत' असा एक रकाना होता. त्याने तिथूनच मला फोन केला, "काका, इथे काय लिहू?" ट्रॉलीवाल्याचा क्रमांक लावून पाहिला, तो बंद होता. शेवटी त्याने त्या रकान्यात 'बांध' असे लिहिले आणि पैसे भरून परत आला.